डाव्या पुढच्या चाकाची रेघ

मी डूख धरणारा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको. बायको म्हणते, "तुमच्यात सापाचे सगळे गुण आहेत, फक्त कात टाकायची राहिलीय." म्हणू दे. या शहरात चाळीसएक वर्षं ज्याला मागून 'ढिले उस्ताद' म्हणून हाका मारल्या गेल्या, त्यानं डूख नाही धरायचा तर काय समोरच्याला ओवाळायचं?

प्रकरण एका शर्यतीच्या गाडीचं आहे. एकाच माणसाची, उघड्या चाकांची, छप्पर नसलेली गाडी. तसल्या गाड्या आता माझी नात मोबाइलवर बघते आणि मलाही बोलावते, "आजोबा या, तुमचं लागलंय." बघतो मी दोन मिनिटं. चकचकीत असतात, वेग डोळ्यांत मावत नाही, सगळं खरं. पण आत बसलेल्या माणसाच्या कानात सारखं कुणीतरी बोलत असतं. आता टायर सांभाळ, आता हळू घे, मागचा जवळ आलाय. अरे, मग गाडी चालवतोय कोण? आमच्या वेळी माणूस एकदा आत बसला की तो आणि त्याचं नशीब. बाहेरून आम्ही पाटीवर खडूनं फेरीचा आकडा लिहून धरायचो, तोही त्याला दिसला तर दिसला. आणि तो वास! इंजिनात आम्ही एरंडेलाचं तेल घालायचो. ते तापलं की असा गोडसर, जड वास सुटायचा की बस्स. पुढं घरात कधी कुणाला एरंडेल पाजायची वेळ आली तर बाकीचे नाक धरून पळायचे आणि मी चमच्याजवळ जाऊन उभा राहायचो.

तर ती गाडी आम्ही इथं बांधली होती. पैठण रोडला, आमच्या आईच्या पंक्चरच्या दुकानामागं.

हो, आईचंच दुकान. वडील एसटीत मेकॅनिक होते, ते लवकर गेले. त्यांचे पाने घरात पडून होते, आई एके दिवशी ते घेऊन रस्त्यावर बसली. बाई पंक्चर काढते म्हणून लोक बघायला थांबायचे, आणि थांबलोच आहोत तर हवा भरून घेऊ म्हणायचे. जीपचं चाक ती एकटी उतरवायची, पदर कमरेला खोचून, पान्यावर उभी राहून. ट्यूबला लावायचा रबराचा तुकडा ती स्वतः कापायची, जुन्या लाल ट्यूबचा, गोल. आणि त्या गोलाची एक बाजू कात्रीनं सरळ छाटायची. कारण असं होतं की गिऱ्हाईक परत येऊन भांडायचं, "मावशी, तुमचंच पंक्चर निघालं बघा." आई शांतपणे ट्यूब बाहेर काढायची. "बघू. माझा पॅच असंल तर त्याला काप असंल. माझ्या हातचं असंल तर मी नाय म्हणत नसते." काप दिसला की फुकट करून द्यायची. नाही दिसला तर मात्र त्या माणसाची अशी हजेरी घ्यायची की तो पुन्हा त्या रस्त्यानं जाताना मान खाली घालायचा. माझा स्वभाव कुणावर गेलाय ते कळलं असेल.

गाडीची हौस एका कारखानदाराच्या मुलाची. त्याला सगळे धाकटे शेठ म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. मद्रासजवळ एका जुन्या धावपट्टीवर तेव्हा अशा गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. ते एकदा बघून आले आणि त्यांच्या डोक्यात भूत शिरलं. मी त्यांच्या कारखान्यात लेथवर होतो, हात बरा होता. ते मला ट्रकनं मद्रासला घेऊन गेले. तिथं पहिली गाडी माझ्यापासून चार हातांवरून गेली आणि माझ्या छातीत जे काही झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. परत येताना दीड दिवस आम्ही दोघं ट्रकच्या हौद्यात बसून नुसतं बोलत होतो. ते मला उस्ताद आणि तू म्हणायचे, मी त्यांना शेठ आणि तुम्ही. पण त्या ट्रकमध्ये मला हा फरक जाणवला नाही, हेही सांगायला हवं.

दोन वर्षं लागली. जुन्या टॅक्सीचं इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीमागं बसवलं. सांगाडा मी पाइप वाकवून जोडला. वरचा पत्रा शहागंजातल्या एका भांडी ठोकणाऱ्या चाचांनी घडवला. त्यांनी गाडीचं नाक बिर्याणीची डेग उलटी ठेवून तिच्यावर ठोकून काढलं आणि म्हणाले, "मियाँ, शादी का खाना पकाने का बर्तन है, इज्जत से चलाना." तयार झाल्यावर आई चौकटीत उभी राहून बघत होती. बारीक अंग, चार बाजूंना काडीसारखे दांडे आणि त्यांना चाकं. ती म्हणाली, "अगं बया, हा तर नाकतोडा हाय!" तेच नाव राहिलं.

वाळूजकडची नवी औद्योगिक वसाहत तेव्हा नुसती आखलेली होती. सरळ, रुंद, काळेभोर रस्ते आणि दोन्ही बाजूंना बाभळी. रविवारी सकाळी आम्ही नाकतोडा तिथं न्यायचो. तपासणीच्या फेऱ्या मी मारायचो. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाठीशी इंजिन तापलेलं, पुढची दोन चाकं डोळ्यांसमोर खालीवर नाचताना दिसतायत, आणि तुम्ही एकटे. त्या गाडीत मी राजा होतो. घड्याळही माझ्याच बाजूनं होतं. शेठपेक्षा माझी फेरी नेहमी लवकर संपायची. शेठना तिसरा गिअर कधी नीट पडलाच नाही. पण शर्यतीत गादी त्यांची. ठीक आहे, गाडी त्यांची होती. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, नंतर वाटायला लागलं.

आता माझी एक पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. चाकाचे चारही नट आवळून झाले की मी प्रत्येक नटावरून चाकावर जाईल अशी बारीक लाल रेघ मारायचो. नेलपॉलिशनं. शहागंजात बांगड्यांच्या दुकानात बाटली घेताना दुकानदार डोळा मारायचा, मारू दे. रेघ सरळ असली म्हणजे नट हलला नाही. रेघ तुटली म्हणजे कुणीतरी हात लावला. माझ्या हातून नट ढिला राहिला असं आयुष्यात एकदाही झालेलं नाही. एकदाही नाही.

मग ती शर्यत ठरली. आपल्याच गावात, त्याच नव्या रस्त्यांवर. पुण्या-मुंबईच्या गाड्या आल्या, एक पार दक्षिणेतून आली. वळणांवर लावायला पिशोरच्या बाजारातून कडब्याच्या पेंढ्या आणल्या होत्या. सगळं शहर लोटलं होतं, सायकली, बैलगाड्या, टेम्पो भरभरून. सकाळी सातला मी चारही चाकं आवळली, रेघा मारल्या, बाटली आईच्या फळीवर ठेवली आणि पेंढ्या नीट लागल्यात का ते बघायला पुढं गेलो. गाडी त्यानंतर दोन तास आमच्या आवारात होती. तिथं धाकटे शेठ येऊन-जाऊन होते. त्यांच्या आई, शेठाणीबाई, ताट घेऊन आल्या होत्या, नारळ, लिंबं, अंगारा. त्या बाईंना देवदेव फार. कारखान्यातल्या प्रत्येक नव्या मशीनला त्या काळा दोरा बांधायच्या. आणि आमची आई होती, सगळ्यांना चहा करत.

ट्रॉलीवरून गाडी आली. सुरुवातीच्या रेषेवर मी खाली बसून चारही चाकं बघितली. रेघा सरळ होत्या. फक्त डाव्या पुढच्या चाकावरच्या जरा जाड वाटल्या. मी मारतो ती काडीनं मारल्यासारखी असते. या रेघा बोटानं मारल्यासारख्या होत्या. मी पाना घ्यायला वळलो आणि तेवढ्यात झेंडा वर गेला.

पाचव्या फेरीपर्यंत नाकतोडा पहिला होता. लोक नाचत होते. एरंडेलाचा वास सगळ्या माळावर पसरला होता आणि मी पाटी धरून वेड्यासारखा ओरडत होतो. मग मला दिसलं की गाडीच्या पुढं एक चाक एकटंच धावतंय. ते चाक रसवंतीच्या मांडवात घुसलं. गाडी नाकावर घसरत पेंढ्यांतून पलीकडं, नाल्याच्या मोरीवर आपटली.

शेठचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. मी धावत गेलो, त्यांचं डोकं मांडीवर घेणार, तर त्या माणसानं चादरीच्या झोळीतून बोट उचललं आणि सगळ्या गावासमोर ओरडला, "यानं नट ढिले ठेवले! यानं मारलं मला!" काही बघितलं नाही, विचारलं नाही. माझी बाजू कुणी ऐकलीच नाही. मी ओरडून सांगत होतो की माझ्यानंतर कुणीतरी चाक खोललंय, रेघा माझ्या नाहीत. लोक हसले. "नेलपॉलिशवाला" म्हणाले. गाडी त्यांच्या माणसांनी त्याच दिवशी उचलून कारखान्याच्या शेडमध्ये कुलूपबंद केली. मला गेटवरून हाकललं.

तेव्हापासून मी ढिले उस्ताद. नोकरी मागायला गेलो की समोरचा आधी हसायचा आणि मग कागद बघायचा. लग्नाच्या बोलणीत एका घरानं स्पष्ट विचारलं, "तेच का ते, नटवाले?" मला मात्र पक्कं ठाऊक होतं की त्या दोन तासांत चाक खोललं ते धाकट्या शेठनंच. का खोललं ते माहीत नव्हतं. पण गाडी त्याची, आवारात तो, दुसरं कोण हात लावणार? केलं त्यानं आणि ढकललं माझ्यावर. त्या दिवसापासून माझ्या तोंडात तो 'अरे-तुरे'वर आला.

आणि आमची आई! त्याच्यासाठी रोज डबा घेऊन दवाखान्यात. दुकान बंद करून, उन्हातान्हात, चालत. मी दात-ओठ खायचो. "ज्यानं माझं नाक कापलं त्याला भाकरी नेतेस?" ती म्हणायची, "पोरगं पाय टांगून पडलंय रे." मी म्हणायचो, "पडू दे, सडू दे!" आठवडाभर मी तिच्या हातचं जेवलो नाही. एका दुपारी मी आवारातल्या नळाखाली हात धूत होतो. ती माझ्यामागं येऊन उभी राहिली, पदर हातात घट्ट पिळलेला, आणि म्हणाली, "आरं, त्या चाकाचं..." मी बादली लाथेनं उडवली. "त्या चाकाचं नाव काढायचं नाही या घरात! पुन्हा काढलंस तर मी घर सोडून जाईन, लक्षात ठेव!" तिनं बादली सरळ करून ठेवली. मग आत जाऊन पीठ मळायला बसली. त्यानंतर तीन-चार महिन्यांत तिनं दुकान बंद केलं. हवेचं यंत्र आणि वडिलांचे पानेसुद्धा पैठणच्या एकाला देऊन टाकले. "डोळ्याला दिसत नाय आता," म्हणाली. सुई मात्र ती त्यानंतरही बिनचष्म्याची ओवायची. माझ्या बदनामीनं ती खचली असं मी धरून चाललो आणि त्याबद्दलही त्यालाच शिव्या दिल्या.

पुढची वर्षं मी कशी काढली ते लिहितोच, लाज कसली. तो काठी टेकत लंगडत जाताना दिसला की मला बरं वाटायचं. त्याच्या कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी मी अर्धा किलो पेढे आणले आणि एकट्यानं खाल्ले. बायकोनं विचारलं, "कशाचे?" म्हटलं, "वाढदिवस आहे एका दगडाचा." लग्नकार्यात समोर आला तर मी पंगतीतून उठून जायचो. आई बारा वर्षांमागं गेली तेव्हा तो दारात आला होता. मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तो काठी टेकत परत गेला. म्हटलं, बरं झालं.

मग गेल्या वर्षी त्याची मुलगी आली. पुण्याला नोकरी करते, चांगली मुलगी, दारातच चप्पल काढून पाया पडली. म्हणाली, "काका, बाबांची ती गाडी अजून शेडमध्येच आहे. त्यांच्या वाढदिवसाला उभी करायचीय. जुन्या गाड्यांवाले लोक येणार आहेत. इथं संभाजीनगरात कुणालाच त्या गाडीतलं काही कळत नाही." मी मनात म्हटलं, आली! चाळीस वर्षं ज्या शेडचं कुलूप मला दिसत होतं त्याची किल्ली पोरीनं आपल्या हातानं आणून दिली. मी म्हटलं, "करतो की." चहा पाजून पाठवली.

शेडमध्ये नाकतोडा पोत्यांखाली होता. पत्रा काळवंडलेला, डेगेचा गोलवा तसाच. मी त्याच्या नाकावर हात ठेवला आणि खरं सांगतो, तो काढावासा वाटेना. पण रडायला आलो नव्हतो. सरळ डाव्या पुढच्या बाजूला गेलो. चाक ज्यावर बसतं त्या बैठकीला त्या दिवशी कुणीतरी गोणपाट बांधलं होतं, ते कापलं. बोल्ट मोडलेले. आणि मधल्या उंचवट्याभोवती, ग्रीस आणि माती सुकून दगड झालेल्या थरात, एक काळा दोरा. सात गाठींचा. त्याला काहीतरी चपटं चिकटलेलं, रुपयाएवढं.

मी तिथंच फतकल मारून बसलो. सगळं उलगडलं. चाक आणि बैठक यांच्यामध्ये मऊ वस्तू आली की नट कितीही जोर लावून आवळा, काही उपयोग नाही. दोन-चार फेऱ्यांत ती तापते, दबते आणि आवळलेलं सैल पडतं. हे मी हाताखालच्या पोरांना आयुष्यभर शिकवलं. म्हणजे शेठाणीबाईंनी लेकाच्या गाडीला ताईत बांधायला चाक खोलायला लावलं होतं, आणि त्यानं पुन्हा बसवून वर माझ्याच बाटलीनं रेघा ओढल्या होत्या. सापडलास बेट्या! मी मोठ्यांदा हसलो. एकटाच.

मी त्या वस्तूला बोटसुद्धा लावलं नाही. साफ केली तर हा म्हणेल, उस्तादानंच आणून चिकटवली. फोटो काढून ठेवला. बाकी गाडी दोन महिने राबून उभी केली, नवे बोल्ट बसवले, पण ते चाक नुसतं टेकवून ठेवलं आणि गाडी त्या बाजूला घोडीवर चढवून ठेवली. मुलीला सांगितलं, "हे शेवटचं चाक मी सगळ्यांसमोर बसवणार." तिला ते फार आवडलं. मी मनात रोज त्या दिवसाची उजळणी करायचो. त्याचा चेहरा कसा पडेल, काठी कशी थरथरेल. अंघोळ करताना, जेवताना, तेच.

दिवस उजाडला. कारखान्याच्या जुन्या आवारात मांडव, खुर्च्या, ऊन छान पडलेलं. शहरातले जुने मिस्त्री, गॅरेजवाले, सगळे मी मुद्दाम बोलावले होते. शहागंजचे चाचाही आले, ऐंशी उलटलेले, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. त्यानं माइकवर भाषण केलं. म्हातारा झालाय, पण खोड तीच. "चार नटांनी माझी शर्यत घालवली," म्हणाला, "पण उस्तादाला मी आज बोलावलंय, बघा." लोक हसले. तेच हसू, चाळीस वर्षांपूर्वीचं. मी उठलो.

"मिस्त्री लोकहो, जरा पुढं या," मी म्हटलं. "एक पंचनामा करायचाय." सगळे गोळा झाले. मी चाक उतरवून बाजूला ठेवलं. "हे बघा. शर्यतीच्या दिवसापासून या मधल्या थराला कुणाचा हात लागलेला नाही. हा दोरा दिसतोय? हा मी बांधलेला नाही. माझ्यानंतर कुणी चाक खोललं होतं, ते आता तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो." तो काठी टेकत पुढं आला. त्याचा चेहरा खरंच पडला होता. मला इतकं बरं वाटलं! मी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि त्या चपट्या वस्तूवरून फिरवलं. एकदा, दोनदा. काळं निघालं आणि खाली लाल दिसलं.

लाल रबर. जुन्या ट्यूबचं. आत दर्ग्यातल्या ऊदाची राख असावी. तिला तेल-पाणी लागू नये म्हणून कुणीतरी ती दोन रबरांच्या मध्ये ठेवून पंक्चरच्या सोल्यूशननं बंद केली होती. कडा कानशीनं घासून पातळ केलेल्या, इतक्या नीट की इतक्या वर्षांत उकललेल्या नव्हत्या. गोल तुकडा. एक बाजू सरळ छाटलेली.

माझा हात थांबला. फडक्यातून रॉकेल कोपरापर्यंत आलं ते कळलं नाही. काप असंल तर माझा. शेठाणीनं ताटात आणलेली लिंबं, नारळ, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्यामागं, चहाची भांडी बाजूला ठेवून, पदर खोचून, वडिलांचा पाना घेऊन बसलेली आमची आई. चाक उतरवायला तिला कुणाची मदत लागत नव्हती. बाटली तिच्याच फळीवर होती.

"काय रे? काय सापडलं?" तो विचारत होता.

माझ्या शेजारी चाचा वाकून बघत होते. त्यांच्या सायकलची ट्यूब आयुष्यभर आमच्या आईनं जोडली होती. त्यांना तो काप दिसला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातलं फडकं घेऊन त्या वस्तूवर टाकलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कुछ नईं, पुराना ग्रीस है. दोरी-बिरी सब कचरा."

सगळे माझ्याकडं बघत होते. बोलायला सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. नट मी ढिले ठेवले नव्हते, याला आता एवढा पुरावा कोर्टालासुद्धा पुरला असता. फक्त पुढचा प्रश्न आला असता, मग कुणी?

मी म्हटलं, "नट माझ्याच हातून ढिले राहिले होते."

पुढचे मिस्त्री एकमेकांकडं बघायला लागले. मग तो हसला. काठी वर करून म्हणाला, "ऐकलं का सगळ्यांनी? चाळीस वर्षं लागली याला कबूल करायला!" आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "जा, माफ केलं तुला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माफ केलं! माझ्या हातात चाकाचा पाना होता. तो मी कसा घट्ट धरून ठेवला ते मला माहीत. म्हटलं, "शेठ, नट माझे, कबूल. पण तिसरा गिअर तुम्हाला कधी पडलाच नाही, तेही आज सांगून टाका." लोक पुन्हा हसले, यावेळी त्याला. तेवढंच मिळालं मला.

मी दोरा कापून, ती वस्तू फडक्यासकट खिशात टाकली, चाक बसवलं, नट आवळले, लाल रेघा मारल्या. बारीक, काडीसारख्या. मग मी किक... नाही, किक कुठली, चौघांनी ढकलून नाकतोडा सुरू केला. तो आवाज, तो एरंडेलाचा वास. म्हातारे मिस्त्री डोळे पुसत होते. त्या धुरात तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुझ्या आईचा डबा मी विसरलो नाही बरं का. रोज यायची, रोज रडायची. मी म्हणायचो, मावशी, यात तुमचा काय दोष? तर म्हणायची, माझ्या हातचं हाय, खा." एवढं बोलून तो पाहुण्यांकडं गेला. मला त्याच्या मागं जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं, पण चाळीस वर्षांच्या सवयीनं पाय उचलला नाही. राग आजही आहे. न बघता बोट दाखवलं होतं त्यानं, ते काही पुसलं जात नाही.

हे मी लिहिलंय त्यात कुणाचंच नाव नाही, ते एवढ्याचसाठी. बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. ती वस्तू माझ्या पान्यांच्या पेटीत आहे.

घरी आल्यावर मी आवारात हात धुवायला बसलो, त्याच नळाखाली. रॉकेलचा वास जाईना. आणि आई काय म्हणत होती ते मला तिथं पुन्हा ऐकू आलं. "आरं, त्या चाकाचं..." ती नाही म्हणत नव्हती. तिच्या हातचं होतं म्हणून सांगायला आली होती, आणि बादली मी उडवली होती.